चेरीचा रस आणि शिळा केक

केकवर बसवलेली ती चकचकीत लाल गोळी बहुतेक वेळा चेरी नसते, करवंद असतं. अर्धवट पिकलेलं करवंद चिरून आतल्या बिया काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक आणि तुरटपणा उतरवतात, मग लाल रंगात बुडवून दिवसागणिक घट्ट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. मे महिन्यात घाटात पळसाच्या पानांच्या द्रोणातून विकली जाणारी ‘डोंगरची काळी मैना’ याच कुळातली. तिचं हे लाल सोंग दिसायला झकास असतं, महिनोन्महिने टिकतं आणि खिशाला परवडतं. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण चॉकलेट आणि चेरीचं थरांचं ट्रायफल करायचं म्हटलं की ते कुचकामी ठरतं, कारण त्यातून थेंबभरही आंबट रस निघत नाही. आणि हा सगळा पदार्थ त्या रसावरच उभा असतो.

चेरी मुळात दोन प्रकारची. एक गोड, नुसती खायची. दुसरी आंबट, शिजवायची. काश्मीरमधून मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत जी येते ती गोड. मिस्री, डबल, मखमली ही तिथल्या बागांतली नावं. मिस्री त्यातल्या त्यात टणक, म्हणून दूरचा प्रवास तीच बरा सोसते. क्रॉफर्ड मार्केटात जूनमध्ये छोट्या खोक्यांतून दिसते तीही गोडच. युरोपातली मिठाईवाली मंडळी मात्र आंबट चेरीवर जीव टाकतात. जर्मनीत तिची सर्वांत प्रसिद्ध जात शाटनमोरेले. काळपट लाल, मऊ, नुसती खाल्ली तर तोंड वाकडं होईल अशी. चॉकलेटचा कडवटपणा आणि सायीचा जडपणा या दोघांनाही पुरून उरणारा आंबटपणा तिच्यात असतो.

चॉकलेट-चेरीची ही जोडी जगभर पोचवली ती ब्लॅक फॉरेस्ट केकने. नावावरून वाटतं की जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या त्या डोंगरी जंगलात कुणा आजीने हा केक केला असेल. कागदोपत्री गोष्ट वेगळी आहे. योझेफ केलर नावाच्या मिठाईवाल्याचा दावा होता की १९१५ साली त्याने हा केक पहिल्यांदा केला, तोही बॉनजवळच्या बाड गोडेसबर्ग इथल्या कॅफे आरेंडमध्ये. हे गाव ऱ्हाइनच्या काठी, जंगलापासून शेकडो किलोमीटर लांब. दुसरा दावा ट्युबिंगेनच्या कॅफे वाल्ट्झमधल्या एर्विन हिल्डेनब्रांडचा, १९३० सालचा. छापील पुरावा त्यानंतरचा, १९३४ सालच्या मिठाई-व्यवसायाच्या एका पुस्तकातला. म्हणजे हा काही पिढ्यान् पिढ्यांचा ग्रामीण वारसा नव्हे. शहरी कॅफेतल्या कारागिरांनी विसाव्या शतकात बसवलेला हा प्रयोग आहे. मग जंगल त्यात आलं कुठून? बहुधा दारूतून. ब्लॅक फॉरेस्ट भागात चेरी आंबवून गाळलेलं किर्शवासर नावाचं पाण्यासारखं स्वच्छ मद्य फार जुनं. तिथल्याच गुटाख परिसरातल्या अविवाहित मुलींच्या पांढऱ्या टोपीवरचे लाल लोकरी गोंडे केकवरच्या चेरींसारखे दिसतात, नाव त्यावरून पडलं, असंही हौसेने सांगतात. मला ती गोष्ट पर्यटकांसाठी रचलेली वाटते.

जर्मन लोक या केकबाबत गंभीर आहेत. बेकरीच्या पदार्थांसाठी त्यांच्याकडे जी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत या केकची व्याख्या दिलेली आहे. गडद थराच्या मिश्रणात निदान ३ टक्के कोको हवा आणि किर्शवासरची चव स्पष्ट लागायला हवी. आपल्याकडे वाढदिवसांना जो ब्लॅक फॉरेस्ट कापला जातो, त्यातून दारू गेली, आंबट चेरी गेली, दुधाच्या सायीच्या जागी बहुतेक ठिकाणी वनस्पती तेलाचं क्रीम आलं. उरला तपकिरी-पांढरा-लाल रंगांचा गणवेश.

घरी ही चव खरोखर मिळवायची तर केकपेक्षा ट्रायफल बरं, असं माझं मत आहे. केकला सरळ कापलेले थर, गुळगुळीत फिरवलेलं क्रीम आणि उभं राहण्याची ताकद लागते. ट्रायफलला काचेच्या भांड्याची भिंत आधार देते. त्यामुळे केक बिनधास्त ओला करता येतो आणि चेरीला हवा तेवढा रस ठेवता येतो.

ट्रायफलचा प्रवास इंग्लंडातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस डॉसनच्या पाकपुस्तकात या नावाने जे आहे ते थरांचं नाहीच. आलं, साखर आणि गुलाबपाणी घालून कोमट केलेली घट्ट साय, एवढंच. बुडाशी मद्यात भिजवलेली बिस्किटं, वर कस्टर्ड, त्यावर फेसाळ साय हे रूप अठराव्या शतकातलं. हॅना ग्लास या बाईंच्या गाजलेल्या पाकपुस्तकाच्या १७५१ सालच्या आवृत्तीत ते सापडतं. पुढे १७६० मध्ये त्यांनीच जेलीचं ‘ग्रँड ट्रायफल’ सांगितलं. त्या काळी जेली म्हणजे वासराचे पाय तासन् तास उकळून काढलेला रस्सा. ज्यांनी पायाचं सूप केलंय त्यांना ही मेहनत कळेल. एकोणिसाव्या शतकात स्पंज केक आला, शेरी आली. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की घालून त्याला ‘टिप्सी लेअर्ड’ म्हणू लागले. उरलेला, सुकलेला केक वाया घालवायचा नाही ही काटकसर या सगळ्याच्या तळाशी होती. वरून मात्र थाट मेजवानीचा.

त्या थाटात काचेचा वाटा मोठा असणार. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा अबकारी कर उठला आणि साच्यात दाबून केलेली काचेची भांडी सामान्य घरांत पोचू लागली. थर करायचे ते दिसावेत म्हणून. मातीच्या भांड्यात ट्रायफल केलं तर ते चवीला तेच लागेल, पण कुणी त्याकडे वळून पाहणार नाही. २०२२ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली तेव्हा देशभर स्पर्धा घेऊन जे पुडिंग निवडलं, तेही जेमा मेल्विन यांचं लिंबू आणि अमारेत्ती बिस्किटांचं ट्रायफलच होतं. आपल्या तरुण वाचकांना मात्र हा पदार्थ माहीत असतो तो ‘फ्रेंड्स’ मालिकेमुळे. त्यात रेचल पुस्तकाची दोन पानं चिकटल्यामुळे कस्टर्ड आणि जॅमच्या थरांबरोबर खिम्याचाही थर घालते, आणि जोई तो आवडीने खातो.

आपल्याशी याचा खरा धागा जुळतो कस्टर्डमध्ये. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडं सोसत नसे. म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठावर आधारलेलं, बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. बायकोच्या पथ्यापायी निघालेली ही भुकटी पुढे भारतातल्या शाकाहारी घरांना जणू मुद्दाम केल्यासारखी लागू पडली. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या ‘वीकफिल्ड’चा कस्टर्ड पावडरचा डबा महाराष्ट्रातल्या किती फडताळांत होता ते सांगायला नको. पाहुणे आले की केळं, सफरचंद, डाळिंबाचे दाणे घातलेलं पिवळं फ्रूट कस्टर्ड. इंग्रजी ट्रायफलचा मधला थर आपण वेगळा काढून त्याचाच पदार्थ केला, इतकंच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. आठ जणांसाठी साडेतीन लिटरचं काचेचं भांडं धरलं आहे. साधारण ४०० ग्रॅम चॉकलेट स्पंज, बिया काढून ६०० ग्रॅम चेरी, पाऊण लिटर दूध, १५० ग्रॅम गडद चॉकलेट आणि ४०० मिलिलिटर फेटायची साय.

केक आदल्या दिवशीचा हवा. ताजा स्पंज रस लागताच लगदा होतो. एक दिवस राहिलेल्या केकमधला स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असतो, म्हणून तो रस पिऊनही आकार धरतो. अंडी फेटून केलेला, कमी लोण्याचा स्पंज उत्तम. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक जड आणि स्निग्ध असतो, तो रस सहज घेत नाही. त्याचे बोटभर जाडीचे तुकडे करून मंद ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं सुकवावेत. ब्राउनी वापरू नये. तिच्यात इतकं लोणी असतं की रस बाजूने ओघळून तळाशी साचतो.

चेरीला १०० ग्रॅम साखर लावून तासभर ठेवायचं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. हे काम आधी उरकलं नाही तर तेच पाणी नंतर, थर लावून झाल्यावर, आपल्या सवडीने सुटतं आणि कस्टर्डखाली डबकं होतं. सुटलेल्या रसासह चेरी पाचेक मिनिटं शिजवून रस गाळून घ्यावा. तो पाव लिटरपेक्षा कमी भरला तर थोडं पाणी घालावं. मग त्याचे दोन भाग करायचे. एक पातळच ठेवायचा, केकला पाजायला. दुसऱ्यात गार पाण्यात कालवलेलं दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून उकळी आणायची आणि चेरी त्यात परत सोडायच्या. काश्मिरी चेरी गोड असल्याने लिंबू लागतंच, पण ते गॅस बंद केल्यावर पिळायचं. आंबटाबरोबर फार वेळ उकळलं तर कॉर्नफ्लोअरची पकड सुटते. लिंबाचा आणखी एक फायदा रंगाचा. चेरीतलं रंगद्रव्य आम्लात लालबुंद राहतं आणि सोड्याच्या सान्निध्यात निळसर, मळकट होतं. केकमध्ये सोडा सढळ हाताने पडला असेल तर हे विशेष जाणवतं.

किर्शवासर नसेल तर काय? चेरीच्या बियांमधून आंबवताना आणि गाळताना जो बदामासारखा गंध त्या मद्यात उतरतो, त्यामागे बेंझाल्डिहाइड नावाचा पदार्थ असतो. बदामाच्या इसेन्सचा मुख्य वासही त्याचाच. केकला पाजायच्या रसात या इसेन्सचे दोनच थेंब घालावेत. दारू न वापरताही चेरीची चव एकदम खोल होते. तिसरा थेंब पडला तर मात्र खोकल्याच्या औषधाची आठवण होईल. बिया ठेचून हा वास काढायच्या फंदात कुणी पडू नये, त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

कस्टर्डसाठी पाऊण लिटर दुधाला चार सपाट मोठे चमचे पावडर आणि पाच-सहा चमचे साखर. पावडर गार दुधातच कालवायची आणि घट्ट झाल्यावरही मिनिटभर रटरटू द्यायचं, नाहीतर कच्चट पिठाची चव राहते. अंड्याचे बलक घालणाऱ्यांनी तर उकळी चुकवूच नये. बलकात स्टार्च तोडणारं विकर असतं. ते उष्णतेने निकामी झालं नाही तर घट्ट झालेलं कस्टर्ड फ्रिजमध्ये रातोरात पातळ होतं. नुसत्या बलकांचं, बिनपिठाचं कस्टर्ड उकळलं तर फाटतं हे खरं, पण पीठ असलं की ते बलकाला सांभाळतं. गॅस बंद करून चॉकलेटचे तुकडे घालावेत. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं की ते दगड होतं, पण इथे दूध भरपूर असल्याने ती भीती नाही.

रचना सोपी आहे. तळाशी केक, त्यावर पातळ रस चमच्याचमच्याने, मग घट्ट रसातल्या चेरी, मग कस्टर्ड. कस्टर्ड कोमट हवं. कढत ओतलं तर खालचा रस सैल होऊन वर येतो, पार गार झालेलं ओतायला जावं तर गुठळ्या. भांडं मोठं असेल तर हाच क्रम पुन्हा एकदा. पृष्ठभागाला टेकवून प्लास्टिकचा कागद लावला की साय धरत नाही. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. लोणच्यासारखंच, पहिल्या दिवशी जो नुसता मसाला वाटतो त्याची चव दुसऱ्या दिवशी एकजीव होते.

फेटलेली साय वाढायच्या तासभर आधी, त्यापूर्वी नको. बाजारातली २५ टक्के स्निग्धांशाची ‘फ्रेश क्रीम’ कितीही फेटली तरी नीट उभी राहत नाही. किमान ३०, शक्यतो ३५ टक्के लागते, आणि ऑक्टोबरच्या मुंबईत भांडं, रवी, साय तिन्ही गारठवून घ्यावं लागतं. तेलाचं क्रीम उन्हातही पाय रोवून उभं राहतं, पण जिभेवर मेणाचा थर ठेवून जातं आणि त्याखाली चेरीचा आंबटपणा गुदमरतो. ते नसलेलंच बरं.

हे ट्रायफल दिवाळीत करायचं तर ताजी चेरी नसते, हे उघड आहे. डबाबंद किंवा गोठवलेली घ्यावी. डब्यावर पाकातली चेरी असं लिहिलं असेल तर साखर निम्मी करावी, लिंबू दुप्पट. मराश्चिनो लिहिलं असेल तर परत ठेवावी. मूळची मराश्चिनो ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झादर भागातल्या मरास्का नावाच्या आंबट चेरीची होती. आज बाटलीत मिळते ती बहुतेक वेळा रंग उडवून पुन्हा रंगवलेली गोड चेरी असते, करवंदाची श्रीमंत मावसबहीण म्हणा हवं तर. वाढताना चमचा तळापर्यंत घालून सगळे थर एकदम उचलावेत. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. नंतर केकचा कण मोडतो आणि चमच्याऐवजी वाटीनेच प्यावं लागतं.