सातत्यातून आत्मविश्वास : लातूर पॅटर्नचा विस्मरणात गेलेला धडा

दहावीचा निकाल लागला की नांदेड व लातूर येथील बसस्थानकांवर दर वर्षी एक दृश्य हमखास दिसते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गादीची वळकटी घेतलेला मुलगा किंवा मुलगी. सोबत खोली आणि खानावळ शोधावयास आलेले आईवडील. घरची काटकसर, प्रसंगी कर्ज आणि डोळ्यांत एकच स्वप्न : आपले लेकरू डॉक्टर व्हावे. हे स्वप्न थोर आहे. परंतु पुढील दोन वर्षांत या मुलांच्या तोंडी जे वाक्य वारंवार ऐकू येते, ते आम्हांस अस्वस्थ करते : “अजून गुण वाढायला हवेत.” पाचशे मिळाले तर साडेपाचशे, साडेपाचशे मिळाले तर सहाशे. समाधानाचा मुक्काम कधी येतच नाही. अशा वेळी आपल्याच भूमीत रुजलेल्या एका प्रयोगाकडे पुन्हा एकदा पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात व दयानंद महाविद्यालयात जी अध्यापनपद्धती आकारास आली, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या प्रयोगाशी निगडित आहे. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होत. या पॅटर्नमध्ये जादू कोणतीच नव्हती. अभ्यासक्रम वेळेपूर्वी पूर्ण करावयाचा, त्याची उजळणी करावयाची, सराव परीक्षा पुनःपुन्हा घ्यावयाच्या आणि झालेल्या चुका विद्यार्थ्याला दाखवून द्यावयाच्या, एवढेच त्याचे सूत्र होते. मागास म्हणून हिणविल्या गेलेल्या मराठवाड्यातील मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, ती या नियमित परिश्रमांमुळे. या पद्धतीवर घोकंपट्टीचा आक्षेपही घेण्यात आला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. तथापि तिचा गाभा सातत्य हाच होता.

कालांतराने हा गाभा मागे पडला आणि आकड्यांची शर्यत पुढे आली. या शर्यतीचे गणित पालकांनी समजून घ्यावे. २०२५ च्या ‘नीट’ परीक्षेस देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे सुमारे अठरा विद्यार्थ्यांमागे एक जागा. सर्वांनीच रोज दोन तास अधिक अभ्यास केला, तरी त्यामुळे एकही जागा वाढणार नाही. प्रवेशाची रेषा तेवढी वर सरकेल. आपला क्रमांक इतरांच्या कामगिरीवर अवलंबून असतो आणि ती आपल्या हाती नसते. जी गोष्ट आपल्या हाती नाही, तिच्यावर मुलाची किंमत ठरू लागली की त्याचा आत्मविश्वास डळमळणारच.

मग आत्मविश्वास येतो कोठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली या प्रश्नाची मांडणी केली. इतरांचे यश पाहून किंवा कोणी धीर दिल्याने माणसास बळ मिळते, हे खरे. परंतु सर्वांत भक्कम आधार असतो तो स्वतः पार पाडलेल्या कामाच्या अनुभवाचा. आज ठरविलेले प्रकरण आज पूर्ण केले, काल चुकलेले उदाहरण आज सुटले, अशा लहान लहान अनुभवांतून ‘मला हे जमते’ ही खात्री उपजते. आधी आत्मविश्वास यावा आणि मग काम सुरू करावे, असे म्हणणारा बहुधा वाटच पाहत राहतो.

सातत्याचा लाभ स्मरणशक्तीलाही होतो. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांची एक मालिका एकाच बैठकीत ६८ वेळा वाचल्याने जो लाभ झाला, जवळजवळ तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या केवळ ३८ वाचनांनी त्यांना मिळाला. रात्रभर जागून केलेल्या अभ्यासापेक्षा रोजची मोजकी उजळणी का फलदायी ठरते, याचे उत्तर येथे आहे.

परीक्षेची रचनाही हेच सांगते. २०२५ च्या ‘नीट’ मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. अधिकाच्या मोहाने अंदाजे उत्तरे देणारा विद्यार्थी हाती आलेले गुणही घालवून बसू शकतो; आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे ओळखणारा शांतपणे पुढे जातो. ही ओळख नियमित सरावातूनच होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, रोज पेलवेल एवढेच उद्दिष्ट ठरवा, पण ते मोडू नका. चुकांची एक वही ठेवा आणि आठवड्यातून एकदा ती चाळा. आपली तुलना शेजारच्या बाकाशी न करता गेल्या महिन्यातील स्वतःशी करा. झोप ही चैन समजू नका.

आणि पालकहो, रविवारी फोन कराल तेव्हा “किती गुण पडले?” या प्रश्नाआधी “जेवलास का? या आठवड्यात काय नवे उमगले?” असे विचारा. अपयशाच्या भीतीने कोवळ्या जिवांनी टोकाचे पाऊल उचलल्याच्या बातम्या आपल्याही भागातून आल्या आहेत. मूल अबोल झाले, जेवण-झोप बिघडली, तर रागावू नका; त्याला भेटावयास जा. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य समुपदेशन सेवा उपलब्ध आहे.

अठरांतील सतरा मुलांना ती जागा मिळणार नाही, हे वास्तव आहे. परंतु ठरविलेले काम रोज पूर्ण करण्याची सवय त्या सतरांनाही लाभू शकते आणि पुढे ती मुले कोणत्याही वाटेने गेली तरी त्यांच्यासोबत राहते. गावी परतणाऱ्या आपल्या लेकराच्या पदरात निदान एवढी शिदोरी असावी, अशी आमची मनोमन इच्छा आहे.