टिंडल निघाले दिवा घेऊन!

विज्ञानाच्या पुस्तकात ‘टिंडल परिणाम’ वाचलाय का? ज्यांच्या नावाचा हा परिणाम, ते जॉन टिंडल मूळचे आयर्लंडचे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्रयोग करत करत व्याख्यानं द्यायचे. अमेरिकेतल्या मंडळींनी त्यांना गळच घातली, ‘आमच्याकडेही या!’ मग १८७२ साली स्वारी आगबोटीने निघाली.

पण दौरा आखणं सोपं होतं का? टेलिफोनचा अजून शोधही लागला नव्हता. पत्र समुद्रापार जायचं तेही आगबोटीनेच! वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री पुढे सरसावले. हेन्री स्वतः विजेवर संशोधन केलेले मोठे शास्त्रज्ञ. बोस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत सात शहरं ठरली आणि व्याख्यानं किती? तब्बल ३५!

सामान तर विचारूच नका. भिंगं, आरसे, लोलक आणि विजेचा दिवा. दिवा लावायचा कसा? भिंतीत प्लग कुठला! विद्युतघटांमध्ये आम्ल भरून वीज तयार करायची आणि कोळशाच्या दोन कांड्यांची टोकं एकमेकांना टेकवून किंचित दूर करायची. की मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश! अंधाऱ्या सभागृहात तो लोलकातून गेला, की पडद्यावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत लांबलचक पट्टा उमटायचा.

आकाश निळं का, हेही ते दाखवायचे. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ थेंबथेंब पाण्यात सोडायची. राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे झोत सोडला, की पाणी निळसर दिसतं! हवेतले रेणूही निळा प्रकाश असाच जास्त विखुरतात. तुम्ही पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि बाजूने टॉर्च मारा. पाण्यात झोत कसा उठून दिसतो, बघा! हाच तो टिंडल परिणाम.

दौऱ्यात २३,१०० डॉलर जमले. खर्च वजा जाता सुमारे १३,००० उरले. टिंडलनी त्यातला एक डॉलरही घरी नेला नाही. भौतिकशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सगळी रक्कम देऊन टाकली. पुढे ती व्याजाने वाढली आणि हार्वर्ड, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत तिच्यातून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. म्हणजे बघा, लोक आले होते प्रकाशाचे खेळ बघायला आणि त्यांच्या तिकिटांच्या पैशांवर शिकली शास्त्रज्ञांची पुढची पिढी!