तेजसच्या शेजारचे विमान

तेजस मार्क-1ए 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकजवळच्या ओझरहून झेपावले आणि फोटो त्याचेच झळकले. त्याच दिवशी तिथेच एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाची उत्पादन साखळीही सुरू झाली. मला तीच बातमी मोठी वाटते. का, ते माजी हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी यांच्या उमेदवारीच्या काळाकडे पाहिले की कळते.

चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातील हस्तऱ्याचे. खडकवासल्याच्या एनडीएत घडून 29 डिसेंबर 1982 रोजी ते लढाऊ वैमानिक झाले. त्याच वर्षी एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या समितीने अपघातांचा अभ्यास करून बजावले होते : प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. हेच ला फाँटेन 1985 मध्ये हवाई दलप्रमुख झाले, तरी विमान आले नाही. असे विमान, हॉक, दाखल झाले 2008 मध्ये. तब्बल 26 वर्षांनी!

मधल्या काळातल्या पोरांनी संथ किरण प्रशिक्षण विमानावर हात बसवला आणि मग हंटर किंवा थेट मिग-21. मिग उतरताना वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे. नाक वर, त्यामुळे समोरचे धड दिसत नाही. चाके टेकली की शेपटीकडचे ब्रेक पॅराशूट सोडायचे. वेग नको तेव्हा कमी झाला, तर ते छोटे तिकोनी पंख विमान सावरून धरत नाहीत. हे सारे विशी-बाविशीत शिकायचे. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झाले तेव्हा ‘उडती शवपेटी’ म्हणून त्याचा पुन्हा उद्धार झाला. हा त्या विमानावर अन्याय आहे. बराचसा दोष गाळलेल्या पायरीचा होता.

चौधरी पुढे मिग-29 आणि सुखोईपर्यंत पोहोचले, सियाचीनच्या मेघदूत आणि कारगिलच्या सफेद सागर मोहिमांत उडाले, 3800 तासांहून अधिक उड्डाण केले. मला मोलाचे वाटते ते हे, की ते स्वतः फ्लाइंग इन्स्ट्रक्टरही झाले. 70 एचटीटी-40 विमानांचा करार झाला तो 2023 मध्ये, ते प्रमुख असतानाच. हे विमान हॉकची जागा घेणारे नाही, पण पहिली पायरी तेच आहे.

जळगाव-धुळ्याहून ओझर काही तासांच्या अंतरावर. घरात एनडीएची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आपल्या खासदारांना तेजस किती झाली हे जरूर विचारा. पण ती 70 विमाने केव्हा मिळणार, हे आधी विचारा.