हातभर माती

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून दहिसरकडे वाहत जाणाऱ्या नदीच्या काठी मी गेलो तो खंड्या ओळखायला शिकावे म्हणून. कारण पुस्तकात एकाच कुळातली म्हणून शेजारीशेजारी छापलेली तीन चित्रे कितीही न्याहाळली, तरी नदीवर क्षणार्धात नाहीसा होणारा पक्षी त्यांपैकी कोणता, याचा निवाडा मला करता येत नव्हता.

सोबत उद्यानातल्याच एका पाड्यावरचे बाबा होते. “रंग मागाहून बघा साहेब, आधी तो मासा कसा धरतो ते बघा,” ते म्हणाले. आणि सारा तपशील या एका सूत्रात बसत गेला. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत तरंगून सरळ खाली सूर मारणारा तो काळापांढरा कवड्या. पाण्यालगत बाणासारखा जाणारा, निळ्या पाठीचा, तांबूस पोटाचा, चिमणीएवढा तो छोटा खंड्या. आणि चॉकलेटी डोके, शुभ्र गळा व लाल चोच मिरवीत तारेवरही बसणारा, माशांइतक्याच आवडीने टोळ, सरडे व खेकडे फस्त करणारा तो आपला नेहमीचा खंड्या.

छोट्या खंड्याने पकडलेला मासा फांदीवर आपटण्याचा टकटक आवाज माझ्या कानांतून अद्याप जात नाही. आपटून निश्चल झालेला मासा त्याने चोचीतल्या चोचीत फिरवला आणि कल्ले-पर घशात अडू नयेत म्हणून डोक्याकडून गिळला.

“घर कुठे?” मी विचारले. बाबांनी दरडीतले छिद्र दाखविले. “हातभर बीळ. हातभर माती पाहिजे त्याला, उभी.”

उद्यानाची हद्द ओलांडून खाली गेलो, तेव्हा या शब्दांचा अर्थ कळला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर उपनगरांतील नद्यांना काँक्रीटच्या भिंती घालण्याच्या कामास जोर आला. पुराने घरे गमावलेल्यांस भिंत नको असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु तिच्यात चोचीने बीळ कोरता येत नाही, हेही तितकेच खरे. मासे असूनही काठ नसेल, तर खंड्या तेथे पाहुणा म्हणूनच येणार. म्हणून नदीच्या बंदोबस्ताचे नकाशे आखणाऱ्या दफ्तरांनी, जेथे वस्ती दूर आहे तेथे तरी, हातभर उभ्या मातीची तरतूद करावी; तेवढी सवलत पुराच्या हिशेबात सहज बसण्यासारखी आहे.