पाण्यावरून सिमेंटचा प्रवास

मुलांनो, सिमेंटला पाणी लागले की ते दगडासारखे घट्ट होते. मग ते समुद्रातून कसे नेत असतील?

सिमेंट चुनखडीपासून बनते. मुंबईच्या परिसरात बहुतेक काळा दगड आहे. चुनखडी मात्र गुजरातमध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ भरपूर सापडते. तेथे कोडीनार येथे सिमेंटचा मोठा कारखाना आहे. १९९०च्या दशकात तेथून जवळच्या मूळद्वारका बंदरातून जहाजाने सुटे सिमेंट पाठवणे सुरू झाले.

या जहाजांत पोती नसतात. सिमेंट बंद कोठारांत भरतात, म्हणजे त्याला पाणी लागत नाही. जहाज पनवेलच्या खाडीतील धक्क्याला लागले, की हवेच्या दाबाने सिमेंट नळांतून उंच टाक्यांत चढवतात. या टाक्यांना 'सायलो' म्हणतात. मग ५० किलोच्या पिशव्या भरून ट्रकने गावोगावी पाठवतात.

आता हिशेब करा. जहाजात २००० टन सिमेंट असेल, तर त्याच्या ४०,००० पिशव्या होतात. एका ट्रकमध्ये २० टन माल धरला, तर १०० ट्रक लागतील! जहाजामुळे इंधन वाचते, भाडे कमी पडते आणि रस्त्यावरची गर्दीही टळते.

दुकानदार सिमेंटच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर का रचतो, हे आता तुम्हीच सांगा.