पासबुक नीट वाचा

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य उरकतं आणि त्याचं पासबुक ट्रंकेत पडून राहतं. खातं बंद करण्याआधी ते भरून आणा आणि वाचा.

मेअखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसले, तर तो बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो. विमा १ जून ते ३१ मे चालतो. मृत्यू आजाराने होवो की अपघाताने, नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. मात्र विमा नवीन असेल आणि पहिल्या ३० दिवसांत आजाराने मृत्यू झाला, तर मिळत नाहीत. २० रुपयांची नोंद सुरक्षा विम्याची. तो फक्त अपघातासाठी.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा. मग मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं आधार कार्ड आणि पासबुक घेऊन खातं असलेल्या शाखेत जा. तिथे दाव्याचा अर्ज भरा, पोच घ्या. यासाठी कुणाला टक्केवारी द्यायची नसते.

आणि धन्याचा विमा लग्नाआधीचा असेल, तर नॉमिनी कोण लिहिलंय ते आजच विचारा. ते नाव हयातीतच बदलता येतं.