महोत्सवातील स्वतंत्र चित्रपट : आस्वाद आणि अन्वय
(‘कोर्ट’च्या निमित्ताने)

दिवसाला चार-पाच चित्रपट, निरनिराळ्या भाषा, पडद्याच्या तळाशी इंग्रजी उपशीर्षके आणि हाती पुस्तिकेतील त्रोटक परिचय, अशा अवस्थेत महोत्सवाचा प्रेक्षक बहुधा कथानकाच्या आधारे अर्थ लावू पाहतो. स्वतंत्र चित्रपट, म्हणजे मोठ्या निर्मितिसंस्थांच्या व लोकप्रिय नटांच्या आश्रयाविना सिद्ध झालेला चित्रपट, पुष्कळदा कथानकालाच गौण स्थान देतो. घटना दाखविण्याची रीत हाच त्याचा आशय असतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. २०१४ साली व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा, असे दोन पुरस्कार त्यास लाभले. अर्थात पुरस्कार हा अन्वयाचा पुरावा नव्हे.

नारायण कांबळे या वृद्ध शाहिरावर आरोप आहे तो असा, की त्याच्या गाण्याने प्रवृत्त होऊन एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली. आरोप हास्यास्पद आहे. परंतु चित्रपट त्याला हसत नाही. कॅमेरा दूर, स्थिर राहतो. जवळून चेहरे दाखवून कोणाची बाजू घ्यावी हे तो सांगत नाही. एरवी संकलन जी निवड करून देते, ती येथे प्रेक्षकास स्वतः करावी लागते. या लांबलेल्या दृश्यांचा कंटाळा येतो, ही तक्रार खरी आहे. मात्र तारखांवर तारखा पडणाऱ्या न्यायालयाचा काळ अनुभवास यावयाचा तर तो कंटाळा टाळून चालणार नाही.

भाषेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. कांबळेची शाहिरी मराठी, बचाव वकिलाचे घर गुजराती, आणि न्यायाधीश टंकलेखनासाठी सांगतात ती नोंद इंग्रजी. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष नोंदीत उतरताना तिच्या बोलण्याचा सूर गळून पडतो. उपशीर्षके वाचणाऱ्या परदेशी प्रेक्षकाला मात्र सर्व भाषा एकाच इंग्रजीत मिळतात. म्हणजे न्यायालयाच्या नोंदीत जे घडते तेच पडद्याच्या तळाशीही घडते. ही उतरंड मराठी प्रेक्षकाला ऐकू येते. त्याचा हा अधिकार मोठा आहे, पण निर्धोक नाही. सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात; परप्रांतीयांविरुद्धच्या विनोदांवर नाट्यगृह हसते. त्या हसण्यात ओळखीने सामील होणारा मराठी प्रेक्षक क्षणभर पडद्यावरील प्रेक्षागृहातच जाऊन बसतो. चित्रपटाने राखलेले ताटस्थ्य येथे त्याच्यावरच उलटते, आणि हा अनुभव व्हेनिसच्या प्रेक्षकास याच तीव्रतेने येणे कठीण.

शेवटाबाबतही घाईचा अन्वय फसतो. सुट्टी लागलेल्या न्यायालयातील दिवे मालवले जातात, पडदा काळोखतो. चित्रपट संपला असे वाटून पुढच्या खेळासाठी उठावे, असा हा क्षण आहे. परंतु चित्रपट संपत नाही. सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत आहेत. मुले ओरडून त्यांना दचकवितात व पळतात. हाती सापडलेल्या एका मुलाला ते थप्पड मारतात. साक्ष नाही, नोंद नाही, तारीख नाही. मूल रडू लागते आणि न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात.